आकडा वाढला, पण गोळी कुणाला?

रविवार संध्याकाळ. वर्तकनगरच्या एखाद्या घरात, समजा तुमच्याच, व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येऊन पडते. सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन बाबांचं रक्त घेऊन गेलेला असतो. ऑफर चालू होती म्हणून बाबांनी ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलेलं. साठ-सत्तर टेस्ट, एकाच सुईत. घरात सायन्सवाले तुम्ही, म्हणजे रिपोर्ट वाचायची ड्युटी तुमची. साखर काठावर, कोलेस्टेरॉल ठीक, व्हिटॅमिन डी कमी. आणि खाली जाड अक्षरात: युरिक अ‍ॅसिड ७.६. बाजूला ‘एच’. एच म्हणजे हाय.

मग घरात एकदम हालचाल सुरू होते. आई म्हणते, उद्यापासून डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. काका फोनवर म्हणतात, “अरे, मलापण निघालं होतं. मी रोज एक घेतो, फेबुक्सोस्टॅट चाळीस. पाकिटाचा फोटो टाकतो, तुमच्याकडच्या मेडिकलमध्ये मिळेल.” फोटो येतोही.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणीच विचारत नाही. बाबांचा सांधा दुखतोय का? आजवर कधी पायाचा अंगठा लाल होऊन सुजलाय का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ही गोळी नक्की कशावरची?

आजचा लेख या एका गोळीबद्दल आहे. आधुनिक औषधशास्त्राने एन्झाइम रोखून आजार आवरायचं जे तंत्र कमावलं, त्याचं हे अगदी चोख उदाहरण आहे. आणि चांगलं औषध चुकीच्या माणसाच्या हातात कसं पोचतं, त्याचंही.

आधी थोडी केमिस्ट्री

आपल्या पेशींमधलं डीएनए, आरएनए आणि ऊर्जा पुरवणारं एटीपी हे सतत बनतं आणि मोडतं. त्यातला प्युरिन नावाचा भाग मोडताना शेवटच्या दोन पायऱ्या येतात. हायपोझँथिनचं झँथिन होतं, आणि झँथिनचं युरिक अ‍ॅसिड. दोन्ही पायऱ्यांवर काम करणारं एन्झाइम एकच, झँथिन ऑक्सिडेज. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला ‘विकर’ म्हटलेलं तुम्हाला आठवत असेल.

बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये गाडी आणखी एक स्टेशन पुढे जाते. युरिकेज नावाचं एन्झाइम युरिक अ‍ॅसिडचं सहज विरघळणाऱ्या अ‍ॅलन्टॉइनमध्ये रूपांतर करतं. माणसाच्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांमध्ये लाखो वर्षांपूर्वी या युरिकेजचा जीन बिघडला. त्यामुळे आपली गाडी युरिक अ‍ॅसिडवरच थांबते. ते बाहेर टाकायचं काम साधारण दोन तृतीयांश किडनीचं आणि एक तृतीयांश आतड्याचं.

रक्तात युरिक अ‍ॅसिड विरघळून राहायची एक मर्यादा आहे. दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की सुईसारखे स्फटिक तयार होण्याची शक्यता सुरू होते. शक्यता, खात्री नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्फटिक जमायची आवडती जागा म्हणजे पायाच्या अंगठ्याचा सांधा. शरीराचं हे टोक तुलनेने थंड असतं, आणि थंडीत स्फटिक लवकर बनतात. मग एखाद्या रात्री शरीराची संरक्षणयंत्रणा त्या स्फटिकांवर तुटून पडते. सांधा लालबुंद, गरम, टम्म. अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. हा गाऊटचा अ‍ॅटॅक. आयुर्वेदातलं ‘वातरक्त’ याच्याशी बरंच जुळतं, म्हणजे आजार काही आजचा नाही.

आता डाळ-टोमॅटोचं. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांच्या बाबतीत मुख्य अडचण ताटात नसून निचऱ्यात असते. किडनी पुरेसं बाहेर टाकत नाही. त्याला आनुवंशिकता, वाढलेलं वजन, ब्लडप्रेशरसाठी दिलेल्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कमी डोसची अ‍ॅस्पिरिन अशी अनेक कारणं असतात. खाण्याचा वाटा आहे, पण कुठल्या खाण्याचा? २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४७,१५० पुरुषांना बारा वर्षं पाहून केलेला अभ्यास छापून आला. मटण-मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्युरिन जास्त असलेल्या भाज्या आणि डाळींनी मात्र तो वाढला नाही. दूध-दह्याने उलट कमी झाला. म्हणजे आईने बंद करायचंच असेल, तर वरणाआधी बिअरचा आणि मोठ्या ग्लासातल्या गोड कोल्ड्रिंकचा नंबर लागायला हवा.

लोणच्याची आंबटता तपासणारी मुलगी

या एन्झाइमला कुलूप कसं सापडलं, ती गोष्ट कॉलेजात असताना कळायलाच हवी.

गर्ट्रूड एलियन. जन्म न्यूयॉर्कचा, १९१८ सालचा. ती पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा कॅन्सरने गेले, तेव्हा तिने ठरवलं की केमिस्ट्री शिकायची. पदवी उत्तम मार्कांनी मिळवली, पण पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती कुणी देईना, लॅबमध्ये नोकरी देईना. कारण मुलगी. मधल्या काळात तिने शाळेत शिकवलं, एका किराणा कंपनीसाठी लोणच्यांची आंबटता तपासायचंही काम केलं. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. नोकरी सांभाळून पीएचडी जमेना, म्हणून तिने पीएचडी सोडली. नोकरी सोडली नाही.

या दोघांची कल्पना साधी होती. पेशीला वाढायला प्युरिन लागतं. मग प्युरिनसारखा दिसणारा, पण थोडा वेगळा रेणू बनवून पेशीला फसवायचं. त्यातून १९५० च्या दशकात ६-मर्कॅप्टोप्युरिन हे ब्लड कॅन्सरवरचं औषध आलं. मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात. पण अडचण होती. शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज हे औषध मोडून टाकायचं. ते एन्झाइम रोखता आलं तर औषध जास्त टिकेल, म्हणून त्यांनी आपल्याच साठ्यातला एक रेणू पुढे काढला: अ‍ॅलोप्युरिनॉल.

कॅन्सरच्या औषधाला त्याने मदत केली, पण त्या औषधाचे दुष्परिणामही वाढवले, त्यामुळे त्या कामात फारसा फायदा नव्हता. पण रुग्णांचं युरिक अ‍ॅसिड धाडकन खाली आलेलं दिसलं. एकाने निराश होऊन फाइल बंद केली असती. यांनी विचारलं, मग हे गाऊटवर का नको? ड्यूक विद्यापीठातले डॉ. वेन रंडल्स यांनी रुग्णांवर चाचण्या केल्या आणि १९६६ मध्ये अमेरिकेत गाऊटवर अ‍ॅलोप्युरिनॉलला परवानगी मिळाली. १९८८ मध्ये एलियन, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. एलियन यांनी रीतसर पीएचडी शेवटपर्यंत केली नव्हती.

कुलपाची गंमत बघा. एन्झाइमला अ‍ॅलोप्युरिनॉल आपला नेहमीचा कच्चा माल वाटतो, म्हणून ते त्यावर काम करायला घेतं आणि त्याचं ऑक्सिप्युरिनॉल बनवतं. हे ऑक्सिप्युरिनॉल एन्झाइमच्या मध्यभागच्या मॉलिब्डेनमला घट्ट चिकटून बसतं. म्हणजे एन्झाइम स्वतःच्या हाताने स्वतःला कुलूप लावतं. मूळ गोळी एक-दोन तासांत रक्तातून कमी होते, पण हे कुलूप बराच वेळ टिकतं. म्हणून दिवसातून एकदा गोळी पुरते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. ही अ‍ॅटॅकमधली वेदनाशामक नाही. अ‍ॅटॅक आवरायला वेगळी औषधं असतात, त्यातलं एक कोल्चिसिन. आपल्या येऊरच्या डोंगरात पावसाळ्यात फुलणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावी पाहिली आहे? तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि ते इतकं जहाल की तो कंद खाऊन माणूस दगावू शकतो. तेच द्रव्य अगदी मोजून मापून गोळीत घातलं की औषध. कोल्चिसिन आग विझवतं. अ‍ॅलोप्युरिनॉल इंधन कमी करतं. दोन्हींचं काम वेगळं, वेळ वेगळी.

नवी गोळी, नवा इशारा

अ‍ॅलोप्युरिनॉल किडनीतून बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर डोस जपून वाढवावा लागतो. शिवाय काही थोड्या लोकांना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी येते. म्हणून जपानच्या तेइजिन कंपनीने दुसरा मार्ग शोधला. प्युरिनसारखा अजिबात न दिसणारा रेणू, जो एन्झाइमच्या आत जाणारी वाटच बुजवतो. हे फेबुक्सोस्टॅट, म्हणजे काकांच्या पाकिटातलं. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे अनेक कंपन्या ते बनवतात.

परवानगी देताना अमेरिकेच्या एफडीएने कंपनीला सांगितलं होतं की हृदयावर काय परिणाम होतो ते तपासा. (आपल्या राज्यातही एफडीए आहे, ही ती नव्हे.) ती केअर्स नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. गाऊट आणि हृदयविकार दोन्ही असलेले ६,१९० रुग्ण. हृदयविकाराचे एकूण धोके दोन्ही औषधांत सारखेच निघाले. पण हृदयविकाराने मृत्यू? अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत ३.२ टक्के, फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्यांत ४.३ टक्के. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफडीएने फेबुक्सोस्टॅटवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि सांगितलं की अ‍ॅलोप्युरिनॉल लागू पडलं नाही किंवा सोसलं नाही तरच हे द्या.

गोष्ट इथे संपत नाही. २०२० मध्ये युरोपातली फास्ट नावाची चाचणी आली. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधले ६,१२८ रुग्ण. त्यात फेबुक्सोस्टॅटने मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. मग खरं कोण? दोन्ही चाचण्या प्रामाणिक आहेत, फक्त रुग्ण वेगळे होते. पहिल्या चाचणीत सगळेच हृदयरोगी, आणि मधेच गोळी सोडून देणारेही खूप. दुसऱ्या चाचणीत हृदयविकार आधीपासून असलेले बरेच कमी. म्हणजे ही गोळी विष नाही आणि शेंगदाण्याची चिक्कीही नाही. ती कुणी, कशासाठी घ्यायची हे ठरवून द्यायचं औषध आहे. म्हणूनच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची असते, फॅमिली ग्रुपवरच्या फोटोवर नव्हे.

७.६ हा आजार आहे का?

आता मूळ प्रश्न. ज्याला कधीच त्रास झाला नाही, त्याचा आकडा खाली आणून काय मिळतं?

वर ‘शक्यता’ हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक आकडा दिलाय. युरिक अ‍ॅसिड ९ च्याही वर असलेल्या, पण त्रास नसलेल्या लोकांपैकी पाच वर्षांत गाऊट झाला फक्त २० टक्क्यांना. म्हणजे ९ च्या वर असूनही पाचातल्या चौघांना झाला नाही. ७.६ चा माणूस तर त्याहून बराच अलीकडे. म्हणून त्रास नसताना केवळ आकड्यासाठी ही औषधं सुरू करू नका, असा त्या सूचनांचा कल आहे.

“पण किडनी आणि हार्ट वाचेल ना?” हा पुढचा प्रश्न, आणि तो चांगला आहे. युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्यांमध्ये किडनीचे आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात, हे खरंच आहे. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे तुम्हाला स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच लेक्चरला सांगितलेलं असतं. खरी परीक्षा एकच: आकडा खाली आणा आणि फरक पडतो का बघा.

ती परीक्षा झाली. २०२० च्या जूनमध्ये दोन चाचण्या एकदमच छापून आल्या. एकीत किडनीचा आजार वाढत चाललेले ३६९ रुग्ण, दुसरीत टाइप वन डायबिटीसचे ५३०. दोन्हींत अ‍ॅलोप्युरिनॉलने युरिक अ‍ॅसिड खाली आलं. किडनीची घसरण मात्र थांबली नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट चाचणीचा निकाल लागला. हृदयविकार असलेले, पण गाऊट नसलेले ६० वर्षांवरचे ५,७२१ लोक. अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं.

आकडा सुधारला, माणूस होता तिथेच. औषधशास्त्रात याहून महत्त्वाचा धडा क्वचितच असेल.

आणि ज्यांचे सांधे खरंच दुखतात त्यांचं काय? इथे महाराष्ट्रातलं एक काम आठवायला हवं. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांवर प्रौढांना विचारलं गेलं: काय दुखतं, कुठे, किती दिवस? दुखणी भरपूर निघाली. गुडघे, कंबर, मान, खांदे. त्यात गाऊट निघाला एक टक्क्याहूनही खूप कमी लोकांना. भिगवण म्हणजे वर्तकनगर नव्हे आणि १९९६ म्हणजे आज नव्हे, मान्य. शहरातलं वजन, बैठं काम आणि पिणं लक्षात घेता इथलं प्रमाण जास्त असू शकतं. तरीही मुद्दा टिकतो. आईचा गुडघा दुखतो आणि तिचं युरिक अ‍ॅसिड ६.९ आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. बहुतेक वेळा गुडघा वयाने आणि वजनाने दुखत असतो.

ज्यांना हवी, ते सोडतात

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे या गोळ्या निरुपयोगी. अजिबात नाही. उलट दुसरी बाजू जास्त दुखरी आहे.

ज्याला वर्षातून दोन-तीनदा अ‍ॅटॅक येतो, ज्याच्या कानाच्या पाळीवर किंवा बोटांवर खडूसारख्या गाठी आल्यात, ज्याच्या सांध्याची झीज एक्स-रेत दिसतेय, त्याच्यासाठी हे एन्झाइम रोखणं म्हणजे पायावर उभं राहणं. अशा माणसाचं युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणून तिथेच ठेवलं की जुने स्फटिकही हळूहळू विरघळतात. याला महिने, वर्षं लागतात.

आणि इथेच घोळ होतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अ‍ॅटॅक वाढू शकतात. आकडा खाली येताना जुने साठे हलतात, म्हणून. रुग्णाला वाटतं, गोळीनेच त्रास झाला, आणि तो सोडून देतो. म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनसारखं औषध देतात. हे कुणी आधी सांगितलं तर माणूस टिकतो. ओपीडीतल्या गर्दीत ते सांगायला वेळ मिळाला नाही, तर घरी सांगायला तुम्ही आहात.

दोन धोकेही सांगून ठेवा. एक, अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दोन, घरात कुणी अझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन घेत असेल, तर त्याच्यासोबत ही एन्झाइम रोखणारी गोळी घातक ठरू शकते. कारण तुम्हाला आता माहीत आहे. ज्या कामासाठी एलियननी तो रेणू पुढे काढला, तेच काम तो अजून करतो.

पोखरण रोडवरचा प्रश्न

आता थोडं घराबाहेर या. पोखरण रोडने जाताना जिथे आज टॉवर आणि बांधकामाचे पत्रे दिसतात, तो पट्टा कारखान्यांचा होता. रेमंड, व्होल्टास, ग्लॅक्सो. ग्लॅक्सोच्या औषध कारखान्याची सुमारे ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ५५५ कोटींना घ्यायचा व्यवहार २०१४ मध्ये जाहीर झाला. आणि एलियन जिथे काम करायच्या ती बरोज वेलकम? तिची मूळ कंपनी वेलकम १९९५ मध्ये ग्लॅक्सोत विलीन झाली, २००० मध्ये त्याची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन झाली. भारतात अ‍ॅलोप्युरिनॉलची ‘झायलोरिक’ ही जुनी गोळी याच कंपनीची.

औषधाचे कारखाने शहरातून गेले याबद्दल हळहळायची गरज नाही, ते दुसरीकडे चालतात. भारताला गोळ्या बनवता येतात, स्वस्त बनवता येतात, जगाला पुरवता येतात. १९७० च्या पेटंट कायद्याने रेणूऐवजी फक्त बनवायच्या पद्धतीला पेटंट दिलं, त्यातून हे कौशल्य उभं राहिलं. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, तोवर पाया पक्का झाला होता. अ‍ॅलोप्युरिनॉल आज आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि सामान्य माणसाला परवडतं.

आता सरकारला पुढची पायरी हवी आहे, नवे रेणू. त्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने ‘प्रिप’ नावाची ५,००० कोटींची योजना आणली. औषध आणि वैद्यकीय उपकरणांतल्या संशोधनासाठी, पाच वर्षांची. त्यातले ७०० कोटी नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थांमध्ये उत्कृष्टता केंद्रं उभारायला. देशात अशा सात नायपर आहेत. एकही महाराष्ट्रात नाही. ज्या राज्यात माटुंग्याची १९३३ सालची आयसीटी आहे, पुण्याची एनसीएल आहे, तिथे ही गोष्ट टोचायला हवी.

पण माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. गाऊटच्या गोष्टीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेलं संशोधन कोणतं? एक, एलियनचा रेणू. आणि दुसरं, पन्नासेक वर्षांनी त्या जुन्या, स्वस्त, पेटंट संपलेल्या गोळीवर कुणीतरी सार्वजनिक पैशातून ५,७२१ लोकांची चाचणी लावली आणि सांगितलं की या माणसांना ती देऊ नका. अशा चाचणीतून कुठल्याच कंपनीला नफा नसतो. म्हणून ती कंपनी करत नाही. ती समाजाने करायची असते.

तैवानचं उदाहरण बघा. अ‍ॅलोप्युरिनॉलची जीवघेणी अ‍ॅलर्जी आलेल्या ५१ रुग्णांचे जीन २००५ मध्ये तिथे तपासले. एचएलए-बी*५८:०१ हा प्रकार ५१ पैकी ५१ जणांत सापडला. पुढे त्यांनी जवळपास तीन हजार लोकांना गोळी देण्याआधी ही टेस्ट केली, ज्यांच्यात तो जीन निघाला त्यांना दुसरं औषध दिलं, आणि एकालाही ती अ‍ॅलर्जी आली नाही. आज अमेरिकन सूचनांमध्ये हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांसाठी ही टेस्ट सुचवलेली आहे. भारतीयांचा वेगळा उल्लेख नाही. आपल्यात या जीनचं प्रमाण प्रदेशाप्रमाणे, समाजाप्रमाणे किती बदलतं, टेस्ट कुणाला करावी, हे आपल्या माणसांवर आपणच ठरवायला हवं. तैवान ते आपल्यासाठी करणार नाही.

“हे आपल्याकडे होतं थोडंच,” असं म्हणू नका. परळच्या टाटा मेमोरियलने डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने २०११ पासून देशातल्या ११ रुग्णालयांत एक चाचणी चालवली. भूल देण्यासाठी वापरतात ते साधं लिग्नोकेन, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती टोचायचं. एवढंच. १,६०० रुग्ण, आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे जगभर छापून आलं. औषध जुनं, स्वस्त. प्रश्न नवा. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या अंतरावर झालेलं काम आहे हे.

फार्मसी, बायोटेक, केमिस्ट्री, मेडिकल, स्टॅटिस्टिक्स, यातलं काहीही तुम्ही शिकत असाल, तर हे दोन्ही मार्ग तुमच्यासमोर आहेत. नवं कुलूप घडवायचं, किंवा जुनं कुलूप कुठल्या दाराला लावावं आणि कुठल्या नाही हे शोधायचं. पहिल्याला योजना आणि बातम्या मिळतात. दुसऱ्यानेही तितकेच जीव वाचतात. ‘प्रिप’सारख्या योजनेतले काही कोटी या दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा, ही मागणी कुणी करायची, तर ज्यांना पुढची चाळीस वर्षं या गोळ्या खायच्या आणि खाऊ घालायच्या आहेत त्यांनी.

आता त्या पीडीएफचं काय?

बाबांच्या रिपोर्टवर या. आज रात्री तुम्ही एवढं करा.

पहिलं, विचारा: कधी एखादा सांधा, खास करून अंगठा, अचानक रात्रीत सुजून लाल झाला होता का? मुतखडा झाला होता का? उत्तर हो असेल तर डॉक्टरकडे जाणं टाळू नका. गाऊट असेल तर गोळी लागेल, आणि ती नेमाने घ्यावी लागेल. दुसरं, बाबांच्या चालू गोळ्यांची यादी करा आणि ती डॉक्टरांना दाखवा. ब्लडप्रेशरची गोळी आकडा वाढवत असू शकते, पण ती स्वतःहून बंद करायची नाही. तिसरं, वजन, बिअर, गोड पेयं यांच्याकडे बघा. उपवनला रोज एक फेरी मारायला चिठ्ठी लागत नाही. चौथं, क्रिएटिनिनचा आकडा याच पीडीएफमध्ये असेल, तो युरिक अ‍ॅसिडच्या शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला. फॅमिली डॉक्टर असो, नाही तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयाची ओपीडी.

आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच, तर एकच प्रश्न विचारा: “ही आकड्यासाठी आहे की आजारासाठी?” हा उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. काही रुग्णांत, उदाहरणार्थ कॅन्सरची केमोथेरपी सुरू होताना, गाऊट नसतानाही ही गोळी देण्यामागे पक्कं कारण असतं. ते कारण ऐकून घ्या.

काकांनाही फोन करा. ते रोजची गोळी कशासाठी घेतात, त्यांना कधी अ‍ॅटॅक आला होता का, हृदयाचा काही त्रास आहे का, कुणी लिहून दिली आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारा. गोळी बंद करा असं तुम्ही सांगायचं नाही, डॉक्टरकडे जा एवढंच सांगायचं. ते म्हणतील, “फार शहाणा झालास.” होऊ द्या.

आणि आईला सांगा, उद्या वरण लाव.